फट जमिनीत की यंत्रात?

उन्हाळा लागला की खानदेशात साक्री, शिंदखेडा, पारोळा भागात बोअरच्या गाड्यांमागोमाग ‘पॉइंट’, म्हणजे बोअर घ्यायची जागा, काढून देणाऱ्यांचीही ये-जा सुरू होते. पूर्वी तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या असायचा, आता त्याच्या जोडीला लॅपटॉपवाले आलेत. पाणी शोधायच्या यंत्राच्या, मोबाइलवर फिरणाऱ्या अशाच एका जाहिरातीत ‘24 चॅनल, 24 बिट, शंभर टक्के अचूक’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं वाचलं आणि हात शिवशिवले. 24 बिट म्हणजे मोजपट्टीवर सुमारे 1 कोटी 67 लाख बारीक रेघा. छान आहे. पण ही चोवीस चॅनल, म्हणजे चोवीस जागांची मोजणी आत आणणाऱ्या वाटा, एकाच क्षणी मोजतात का? जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पाणी शोधायला विद्युत-रोधाची पद्धत जास्त चालते. कंपनांची पद्धत त्यामानाने कमी दिसते, पण वेळेचं महत्त्व तिच्यात सगळ्यात उघड दिसतं, म्हणून तीच घेऊ. शेतात एका सरळ रेषेत दर 5 मीटरवर एक असे 24 जिओफोन रोवतात. जिओफोन म्हणजे स्प्रिंगवर टांगलेली तारेची गुंडाळी आणि एक चुंबक. जमीन हलली की तारेत किंचित वीज उमटते. रेषेच्या टोकाला लोखंडी पाटीवर घणाचा घाव घालतात आणि कंपन कोणत्या जिओफोनला किती वेळाने पोचलं ते बघतात. कोरड्या मातीत कंपन सेकंदाला 300 ते 600 मीटर धावतं, पाणी भरलेल्या गाळात 1500 च्या आसपास, तर आपल्याकडच्या घट्ट काळ्या पाषाणात 5000 मीटरपर्यंत. त्यामुळे थोडं लांब गेलं की मातीतून सरळ आलेल्या लाटेला खालच्या खडकातून वळसा घालून आलेली लाट मागे टाकते. घट्ट पाषाणावर दोन शेजारच्या जिओफोनमधलं अंतर ती 1 मिलिसेकंदात पार करते. खडक भेगाळलेला असेल तर जास्त वेळ लागतो, आणि अशा खडकात पाणी भेगेतच सापडतं, म्हणून बोअरवाल्याला हवी असते ती नेमकी ही भेग.

आता पेटीच्या आत डोकावू. जिओफोनची वीज म्हणजे सलग चढउतार. संगणकाला लागतात आकडे. हे रूपांतर करणाऱ्या चिपला अॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर, थोडक्यात एडीसी म्हणतात. जुन्या स्वस्त यंत्रांत एकच एडीसी आळीपाळीने सगळ्या तारा वाचायचा, म्हणजे चोविसावा जिओफोन पहिल्यापेक्षा उशिरा वाचला जाणार हे ठरलेलंच. आता प्रत्येक चॅनलला स्वतंत्र एडीसी मिळतो, आणि सूक्ष्म मोजणीसाठी तो बहुधा डेल्टा-सिग्मा जातीचा असतो. मला ही जात फार आवडते. ती कुठल्याही एका क्षणाचा अचूक फोटो काढत नाही. सेकंदाला 10 लाख 24 हजार वेळा ती फक्त ‘वर’ की ‘खाली’ एवढंच सांगते, आणि असे 256 कौल झाले की त्यांतून गाळून एक आकडा बाहेर देते. हिशेब करा: सेकंदाला 4000 आकडे, म्हणजे दर पाव मिलिसेकंदाला एक.

मग सगळ्या चिपना एकच क्लॉक, म्हणजे ठेका देणारा इशारा, दिलं की झालं, असं वाटतं. तिथेच फसगत होते. शाळेतलं लेझीम पथक आठवा. हलगी एकच आहे, ठेका सगळ्यांना ऐकू येतोय, पण एका रांगेने ‘एक’ पहिल्या ठोक्यावर धरला आणि दुसरीने तिसऱ्यावर, तर वेग सारखा असूनही हात वेगवेगळ्या वेळी वर जाणार. चिपच्या पोटात 256 पर्यंत मोजणारा गणक असतो. वीज चालू करताना तो कुठून सुरू होईल याचा नेम नाही. म्हणून क्लॉकखेरीज शिट्टी लागते: ‘सिंक’ नावाची एक तार सगळ्या चिपना जाते आणि तिच्यावर इशारा आला की सगळे गणक शून्यावर येऊन पुन्हा मोजू लागतात. ही शिट्टीही बरोबर ठोक्यावर वाजून चालत नाही. तशी वाजली तर एक चिप हा ठोका धरते, दुसरी पुढचा. म्हणून चांगला डिझाइनर ती मुद्दाम दोन ठोक्यांच्या मधोमध, क्लॉक खाली उतरताना सोडतो.

सिंक नसलं तर शेतात काय होतं? समजा पेटीत आठ-आठ चॅनलची तीन कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, आहेत आणि दुसरं कार्ड जवळजवळ पाव मिलिसेकंद मागे आहे. आठव्या आणि नवव्या जिओफोनमध्ये 1 च्या जागी 1.25 मिलिसेकंद दिसतील. भागाकार केला की खडकातला वेग 5000 ऐवजी 4000 मीटर! पडद्यावर तिथे फट दिसणार. मालक अहिराणीत विचारतो, “पानी शे का आठे?” (पाणी आहे का इथे?) आणि पॉइंटवाला छातीठोकपणे हो म्हणतो. त्यातून यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की गणक नव्याने कुठूनही सुरू होतात, म्हणजे जेवणानंतर फट लहानमोठी झालेली किंवा गायबसुद्धा.

नारळाचंही एकदा सांगून टाकतो. नारळ हलतो तो धरणाऱ्याच्या स्नायूंच्या नकळत झालेल्या हालचालीने. तापीकाठच्या गाळात एके काळी कुठेही खणलं तरी पाणी लागायचं, तेव्हा पाणाड्याचं नाव व्हायला फारसं काही लागत नव्हतं. पण सिंक नसलेल्या 24 बिटांवर डोळे मिटून विश्वास ठेवणं हे त्या नारळाहून फार वेगळं नाही.

घणाच्या कामात पाव मिलिसेकंद नडतो. रडारमध्ये किंवा अनेक अँटेना एकत्र चालवणाऱ्या मोबाइल टॉवरमध्ये नॅनोसेकंदही जड जातो. 1 गिगाहर्ट्झच्या लाटेचं अख्खं आवर्तन 1 नॅनोसेकंदात संपतं, आणि सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत तेवढ्या वेळात विजेचा इशारा जेमतेम 15 सेंटिमीटर जातो. म्हणून तिथे रेघांची लांबीसुद्धा सारखी ठेवावी लागते. अशा वेगवान चिप जोडण्यासाठीच्या 2011 च्या जेईएसडी 204 बी या मानकात तर सगळ्या चिपना ‘सिसरेफ’ नावाचा सामाईक इशारा देऊन आकडे पोचायला लागणारा वेळ दर वेळी तोच राहील अशी तजवीज केली आहे. आणि पेट्या एकमेकींपासून दूर, तारेविना ठेवायच्या असतील तर प्रत्येकीचं क्वार्ट्झ, म्हणजे क्लॉकचा ठेका धरणारा स्फटिक, वेगळं. दोन क्वार्ट्झमध्ये दहा लाखांत 20 भागांचा फरक असला तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांची तफावत पडते. तापमानाप्रमाणेही ती वारंवारता सरकते, आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात एक पेटी आणि लिंबाच्या सावलीत दुसरी म्हणजे विचारूच नका. अशा पेट्यांना जीपीएसकडून दर सेकंदाला मिळणारा ठोका लागतो.

शेतकऱ्याने यातलं काय बघावं? चाचणी सोपी आहे. घण रेषेच्या दोन्ही टोकांना मारायला लावा. खरी फट दोन्हीकडून येणाऱ्या लाटेला उशीर करते. दुसरं कार्ड मागे असेल तर एकीकडून 1.25 मिलिसेकंद दिसतात आणि उलटीकडून त्याच जागी 0.75, म्हणजे वेग चक्क 6600 च्या वर. त्याहून सोपं म्हणजे पॉइंटवाल्याला सांगा, चोवीसही चॅनलना एकच इशारा जोडून दाखव. सगळ्या रेघा पडद्यावर एका ओळीत उठल्या पाहिजेत. आठ-आठच्या पायऱ्या दिसल्या तर बोअरची गाडी त्या दिवशी बोलावू नका.