गॅस फिटर, मुंबई : पात्रता आणि परवाना

इमारतीत किंवा स्वयंपाकघरात गॅसची नळी टाकणारा, जोडणारा, तपासणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर म्हणजे गॅस फिटर. मुंबईत या कामासाठी शिक्षण लागते, कंपनीची चाचणी लागते, ओळखपत्र लागते. मात्र वायरमनला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो तसा स्वतःच्या नावाचा सरकारी परवाना गॅस फिटरला नाही. पाण्याच्या नळाचे काम करणाऱ्या प्लंबरला महापालिका परवाना देते आणि त्याची तरतूद १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातच आहे. गॅसच्या बाबतीत कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती वितरण करणाऱ्या कंपनीवर. कंपनी ती आपल्या माणसांकडून आणि ठेकेदारांकडून पार पाडते. मुंबईतल्या या धंद्याची घडी या एका फरकावर बसलेली आहे, आणि तिच्यातली उणीवही तिथेच आहे.

धंदा तसा जुना. १८६० च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीने दगडी कोळशापासून केलेला गॅस नळांतून शहरात आणला आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागची गॅस कंपनी लेन अजून त्या काळाचे नाव सांगते. आजचा नळाचा गॅस वेगळा. १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेड स्थापन झाली आणि नैसर्गिक वायू घरोघरी पोहोचू लागला. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले, आणि मंडळाने २००८ मध्ये शहरी वायू जाळ्यासाठी तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम काढले. नळी कोणत्या जातीची, दाब किती, चाचणी कशी, काम करणारा प्रशिक्षित असावा की नाही, हे सारे त्या विनियमांवरून ठरते.

शिक्षणाचा नेहमीचा रस्ता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून जातो. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्लंबर आणि वेल्डरचा एकेक वर्षाचा. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत उमेदवारी करता येते. याशिवाय हायड्रोकार्बन सेक्टर स्किल कौन्सिलने शहरी गॅस वितरणातला पाइप फिटर आणि एलपीजी (सिलिंडरमधला गॅस) मेकॅनिक यांसाठी वेगळे अभ्यासक्रम बांधले आहेत. हातात कसब आहे पण कागद नाही, अशा जुन्या कारागिरासाठी पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मुंबईत ही सोय फार मोलाची आहे, कारण इथले कितीतरी चांगले हात काका-मामांच्या हाताखाली शिकून तयार झालेले असतात.

प्रमाणपत्र असले म्हणून कोणी गॅसच्या लाइनला हात लावू शकत नाही. खरी परवानगी मिळते ती कंपनीची सुरक्षा तालीम आणि कामाची चाचणी झाल्यावर, ओळखपत्राच्या रूपाने. कोणत्या कामाला कोणता माणूस हेही ठरलेले असते. पोलादी मुख्य वाहिनीत दाब ४९ बारपर्यंत असू शकतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). तिथल्या वेल्डरला आधी नमुना सांधा करून दाखवावा लागतो, आणि ज्या प्रकारच्या सांध्यात तो उतरला तेवढ्याच कामाला तो पात्र ठरतो. रस्त्याखालून जाणाऱ्या पिवळ्या किंवा नारिंगी प्लास्टिक नळीत दाब ४ बारपर्यंत. तिचा सांधा विजेवर वितळवून करतात. जोडणारा आधी नळीची वरची पातळ साल खरवडतो, टोके क्लॅम्पमध्ये सरळ धरतो, मशीन लावतो आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत सांधा थंड होऊ देतो. घाईने क्लॅम्प सोडला तर सांधा वरून शाबूत दिसतो, आत मात्र कच्चा राहतो. म्हणून या जोडकामाचे प्रमाणपत्र वेगळे असते. मुंबईत आणखी एक पात्रता लागते ती उंचीवरच्या कामाची. रायझर, म्हणजे मजल्यामजल्यांवर गॅस नेणाऱ्या उभ्या नळ्या, बहुतेक ठिकाणी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून चढतात, आणि दोरावर लटकून चौदाव्या मजल्यावर क्लॅम्प ठोकणाऱ्याला हार्नेसची (अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याची) तालीम नसेल तर त्याला वर पाठवणे हा गुन्हा मानायला हवा.

घरात शिरेपर्यंत दाब उतरत उतरत २१ मिलिबारवर येतो, म्हणजे जेमतेम २१ सेंटिमीटर पाण्याचा दाब. एवढ्या हलक्या दाबाचा गॅसही सैल आट्यांतून वाट काढतो. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप कापल्यावर कडेची धार घासून काढायची, डायने आटे पाडायचे, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायचा आणि पान्याने बसवायचे. नंतर लाइनमध्ये हवा भरून गेज लावायचा आणि काटा हलतो का ते बघत राहायचे. त्याचबरोबर एल्बो, टी आणि युनियन अशा प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी ब्रशने फिरवायचे. युनियनच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा उठला, फुगला, फुटला आणि तिथेच दुसरा आला, की तो सांधा खोलायचा. नुसता आवळून सोडायचा नाही. काडी पेटवून गळती शोधणारा माणूस फिटर म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही. खाऱ्या हवेत पाइप लवकर गंजतो, त्यामुळे समुद्राकडच्या वस्तीत क्लॅम्पच्या मागची बाजू पाहणे हेही कामाचाच भाग आहे.

शेगडीचे रूपांतर हे वेगळे काम. नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात एलपीजीपेक्षा कमी उष्णता असते, म्हणून बर्नरच्या जेटचे भोक मोठे करावे लागते. मोठ्या जेटच्या शेगडीवर नंतर सिलिंडर जोडला तर ज्योत भडकते आणि भांडी काळी पडतात. वायुवीजनाचाही हिशेब बदलतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो, तर एलपीजी जड असतो आणि जमिनीलगत साचतो. हे ज्याला माहीत नाही तो झरोका चुकीच्या जागी ठेवतो.

सिलिंडरच्या बाजूला नियम वेगळे आहेत. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची जोडणी, रबरी नळी आणि रेग्युलेटर यांची तपासणी वितरकाच्या मेकॅनिकने करायची असते. हॉटेलांत १९ किलोचे सिलिंडर लागतात. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. असे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची अनुज्ञप्ती हवी. ही अनुज्ञप्ती साठ्याच्या जागेला मिळते, नळी जोडणाऱ्या माणसाला नव्हे. १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ल्यातील एका हॉटेलात सिलिंडरच्या गळतीतून आग लागली आणि आठ जण गेले. त्यात कॉलेजातली तरुण मुलेच जास्त होती, दुपारचे जेवायला बसलेली.

सर्वांत मोठी फट पडते ती घराचे नूतनीकरण करताना. मीटर, कॉक आणि नळी हलवायची तर कंपनीला कळवून तिच्याच माणसाकडून ते करून घ्यावे, असा नियम आहे. प्रत्यक्षात सुताराला ट्रॉली बसवायची असते, घरमालकाला घाई असते आणि कोपऱ्यावरचा प्लंबर ‘दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणत पाना काढतो. पाण्याच्या लाइनवर सांधा ठिबकला तर तो दिसतो. ओट्याखाली टाइल्सच्या मागे बुजवलेला गॅसचा सांधा दिसत नाही. त्या प्लंबरकडे महापालिकेचा परवाना असला तरी तो गॅससाठी नाही, हे बहुतेक घरांत माहीतच नसते.

ब्रिटनने ही फट नोंदवहीने बुजवली आहे. तिथे १ एप्रिल २००९ पासून गॅस सेफ रजिस्टर आहे. नोंदणीशिवाय गॅसचे काम करणे तिथे बेकायदा आहे. कार्डाच्या मागे त्या माणसाला कोणती कामे करता येतात ते छापलेले असते, आणि घरमालक दारातच कार्ड मागतो. महाराष्ट्रात वायरमनसाठी जे घडले ते गॅस फिटरसाठीही घडायला हवे, कारण आज त्याची ओळख ठेकेदाराच्या कार्डावर टांगलेली आहे. ठेका संपला की कार्ड परत जाते, आणि वीस वर्षे रायझर चढवलेला माणूस दुसऱ्या ठेकेदाराच्या दारात पुन्हा पहिल्यापासून चाचणी देत उभा राहतो.