टोस्टर ते गिझर : घरगुती उपकरणांतील अनावश्यक इंटरनेट-जोडणीची पार्श्वभूमी

बेळगावच्या खडेबाजारात गिझर किंवा वॉशिंग मशीन घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आता लिटर आणि किलोबरोबर वायफायही सांगतो. हे वायफाय मागितले कोणी, हा प्रश्न जुना आहे.

१९८२ च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात शीतपेयाचे यंत्र संगणकाच्या जाळ्याला जोडले गेले, त्यामागे खरी अडचण होती : यंत्रापर्यंत चालत जाऊन ते रिकामे दिसू नये किंवा बाटली कोमट निघू नये. १९९० मध्ये संगणकतज्ज्ञ जॉन रोमकी यांनी इंटरॉप या संगणक-जाळ्यांच्या प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर मांडला. त्यात पाव मात्र हातानेच ठेवावा लागे, म्हणजे माणूस टोस्टरपाशी उभाच असे! २००० साली एलजीने आणलेला इंटरनेटचा फ्रिज महागडा असल्याने फारसा खपला नाही.

चित्र पालटले ते २०१४ नंतर, वायफायची चिप अगदी स्वस्त झाल्यावर. जोडणीचा खर्च नगण्य झाला आणि विक्रीनंतरही उपकरणावर ताबा ठेवण्याची सोय उत्पादकाच्या हाती आली. २०१६ मध्ये नेस्ट या कंपनीने रिव्हॉल्व्ह हब या, घरातील उपकरणे एकत्र चालवणाऱ्या यंत्राची सेवा थांबवली, तेव्हा सुमारे ३०० डॉलरची ती धडधाकट यंत्रे निकामी झाली. त्याच वर्षी मिराई या घातक प्रणालीने मूळचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर वेठीस धरून मोठमोठी संकेतस्थळे ठप्प केली. प्रेक्षक काय पाहतात याची नोंद संमतीविना केल्याबद्दल व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले.

आपल्या भागात याहून साधी अडचण आधी जाणवते. अनेक उपकरणांत फोनवरून दिलेला हुकूम दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो, मग फोन आणि गिझर एकाच घरात का असेनात. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात वीज गेली तर इन्व्हर्टर दिवे सांभाळतो. पण टॉवरच बंद पडला, तर जे काम केवळ ॲपमधूनच होते ते अडून राहते. साध्या बटणाला ही अडचण कधीच नव्हती. गोकाक धबधब्यावर १८८७ मध्ये वीजनिर्मिती सुरू झालेल्या या जिल्ह्याला वीज नवी नाही; नवे आहे ते हे परावलंबन.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांना सुरक्षा-सुधारणा किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्याकडच्या वॉरंटी कार्डावर मोटरची वर्षे ठळक छापलेली असतात. सर्व्हरच्या वर्षांसाठी त्यावर सहसा रकानाच नसतो.