सॉफ्टवेअर एकाच भाषेत का लिहीत नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखानदार आमच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन बघताना हमखास विचारतात: दोन-दोन प्रोग्रामिंग भाषा कशाला? एकच ठेवा, सांभाळायला सोपं. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगतो.

तुमच्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनवर, जी-कोड चालतो; टूल कसं हलवायचं ते सांगणारी ही भाषा. जी०१ म्हणजे सरळ रेषेत कटिंग, जी०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेने गोलाई. त्यात कोणी पगारपत्रक लिहायला जात नाही. पण अनुभवी ऑपरेटर प्रोग्राम नुसता वाचून टूल कुठे जाणार ते सांगतो. एकाच कामापुरत्या भाषेची खरी ताकद ही.

एसक्यूएलही तशीच. १९७४ साली आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती मांडली, डेटाबेसला प्रश्न विचारण्यासाठी. ‘गेल्या महिन्यात कुठल्या हीटची (भट्टीतल्या एका खेपेच्या धातूची) कास्टिंग रिजेक्ट झाली?’ एवढंच आम्ही तिच्यात लिहितो. माहिती शोधायची कशी, ते डेटाबेस ठरवतो. म्हणून नोंदी लाखांत गेल्या आणि रिपोर्ट रेंगाळू लागला, तर बहुतेक वेळा योग्य इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची, जोडला की भागतं. रिपोर्ट जसाच्या तसा राहतो. शोधायची प्रत्येक पायरी आम्ही हाताने लिहिली असती, तर तो सगळा भाग पुन्हा लिहावा लागला असता.

मराठीत चलन छापणं, काट्यावरचं वजन घेणं, ईमेल पाठवणं हे मात्र एसक्यूएलचं काम नाही. तिथे आम्ही पायथॉन ही सर्व कामांची भाषा वापरतो.

सगळं एकाच भाषेत बसवायचा मोठा प्रयत्न आयबीएमनेच केला होता. फोरट्रानचं गणित आणि कोबोलचा व्यापारी हिशेब एकत्र आणणारी पीएल/वन १९६४ साली पुढे आली. ती वापरलीही गेली, पण अवाढव्य झाली, आणि ज्यांची जागा घ्यायची होती त्या दोन्ही भाषा आजही चालू आहेत. १९७२ च्या सुमाराची ‘सी’ हीसुद्धा सर्व कामांची भाषा, पण ती आटोपशीर राहिली आणि सगळीकडे पोचली.

दोन भाषा घेतल्या की जोखीम येते ती त्यांच्या सांध्यावर. पायथॉनच्या साध्या दशांश संख्यांत ०.१ अधिक ०.२ केलं, तर ०.३०००००००००००००००४ येतं. जीएसटीच्या बिलात हे चालणार नाही. म्हणून रक्कम आम्ही दोन्हीकडे, अशी चूक न होणाऱ्या नेमक्या दशांश प्रकारातच ठेवतो आणि या सांध्याची चाचणी वेगळी घेतो.

कोटेशन कोणाचंही असो, अगदी आमचंही, सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: रक्कम कुठल्या प्रकारात साठवता, आणि उद्या काम दुसऱ्याकडे द्यायचं ठरवलं, तर आमच्या डेटाची पूर्ण प्रत कुठल्या स्वरूपात मिळेल?