डोहाळे चीजचे लागले तर

भाचीला सातवा महिना लागलाय. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती सध्या लंडनला असते. परवा दुकानातूनच तिचा फोन आला, "मावशी, इथं चीजची भिंतच्या भिंत आहे. यातलं मी नक्की काय खाऊ?" तिच्या सासूबाईंनी 'काहीच नको' म्हणून सांगितलं होतं, तर मैत्रीण म्हणाली होती, 'सगळं चालतं'. मला दोन्ही पटेना.

भीती आहे ती लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची. अन्न बिघडवणारे बहुतेक जंतू फ्रीजमध्ये गारठून थंडावतात. लिस्टेरिया मात्र चार अंशांवरही सावकाश वाढत राहतो, आणि तो वाढला म्हणून चव किंवा वास बदलेलच असं नाही. गरोदरपणात बाळाला सामावून घेण्यासाठी आईची प्रतिकारशक्ती थोडी वेगळी वागते, त्यामुळे इतरांपेक्षा गरोदर बाईला हा आजार होण्याची शक्यता सुमारे दहापट असते. पेशीत शिरल्यावर हा जंतू आपल्याच पेशीतल्या प्रथिनांची शेपटी तयार करतो आणि तिच्या रेट्यानं शेजारच्या पेशीत घुसतो. पेशींच्या बाहेर न पडता, प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेआडून असा तो पुढे सरकत राहतो आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचू शकतो. आईला नुसती कणकण वाटते, पण बाळाच्या जिवावर बेततं.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमधून अशी साथ पसरली. १४२ जणांना लागण झाली. त्यांतले ९३ रुग्ण गरोदर स्त्रिया किंवा त्यांची बाळं होती. एकूण ४८ मृत्यू झाले, त्यांत २० गर्भ आणि १० नवजात बाळं. हे चीज बनवताना त्यात पाश्चराइझ न केलेलं दूध मिसळलं गेल्याचं तपासात दिसलं. हे आकडे वाचले की सासूबाईंची काळजी खोटी वाटत नाही.

तरीही सगळीच चीजं एका माळेत ओवता येत नाहीत. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, तेवढ्यात लिस्टेरिया मरतो. प्रश्न त्यानंतरचा असतो: बाहेरून पुन्हा जंतू आलाच, तर त्याला तिथं मुक्काम करता येतो का? त्याला ओल हवी आणि आंबटपणा कमी हवा. पार्मेझानमध्ये पाणी जेमतेम तीस टक्के, शिवाय मीठ, आंबटपणा आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवण. तिथं तो तग धरत नाही. चेडर, गौडा याच घरातले. म्हणून कडक चीज बिनधास्त खा, असं मी तिला सांगितलं.

ब्री आणि कॅमेंबर्ट या मऊ फ्रेंच चीजांची गोष्ट निराळी. त्यांच्यावरची ती मखमली पांढरी साल म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी. ताजं असताना हे चीज चांगलं आंबट असतं, पण बुरशी त्यातलं आम्ल खाऊन टाकते. पिकता पिकता सालीजवळचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो, आत ओल तर भरपूर. लिस्टेरियाला आयतं घर मिळतं. त्यामुळे दूध पाश्चराइझ केलेलं असलं तरी ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला असा की, पांढऱ्या सालीचं मऊ चीज आणि मऊ निळं चीज गरोदरपणात कच्चं खाऊ नये. आतपर्यंत वाफाळेल इतकं भाजलं तर चालतं. मोझरेला, फेटा, क्रीम चीज पाश्चराइझ केलेल्या दुधाचं असेल तर हरकत नाही. पिझ्झावरचं खदखदणारं मोझरेला तर मुळीच चिंतेचं नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत बहुतेक घरांत येतात ते चीजचे क्यूब आणि स्लाइस. ते प्रोसेस्ड चीज, म्हणजे तयार चीज क्षार घालून चांगलं तापवून वितळवलेलं आणि गरम असतानाच वेष्टनात भरलेलं. गरोदर बाईसाठी ते सुरक्षित. मीठ मात्र त्यात बरंच असतं, बीपी वाढलेलं असेल तर बेतानं.

मला जास्त काळजी वाटते ती सुट्या पनीरची. दूध उकळून फाडलेलं, म्हणून ते निर्धोक, असं आपण धरून चालतो. पण डेअरीतलं ते पनीर पाण्याच्या टबात तरंगत असतं. त्याच पाण्यात हात जातो, त्याच सुरीनं दिवसभर तुकडे पडतात, तेच फडकं सगळीकडे फिरतं. पनीर ओलं आणि कमी आंबट, म्हणजे जंतूला मानवणारं. तेव्हा सुटं पनीर भाजीत चांगलं खदखदू द्या. सॅलडमध्ये किंवा थंड सँडविचमध्ये कच्चं नको. घरी केलेलं असेल तर ताजं संपवा. कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही मिळतात, त्यामुळे घाबरून पनीर सोडून देण्यात बाळाचा काही फायदा नाही.

आणि समजा नकळत ब्री खाल्लंच? एका घासानं आजार होईलच असं नाही, बहुतेकदा काहीच होत नाही. फक्त ताप, अंगदुखी, जुलाब यांतलं काही झालं तर 'व्हायरल असेल' म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. डॉक्टरांकडे जा. रक्ताच्या कल्चरमधून, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला की, निदान होतं, आणि अँपिसिलिनसारखं प्रतिजैविक वेळेत मिळालं तर बाळ वाचू शकतं. लक्षणं दिसायला कधी कधी दोन महिनेही लागतात, म्हणून डॉक्टरांना कालपरवाचं जेवण सांगून थांबू नका, दोन महिन्यांपूर्वीच्या डोहाळेजेवणात काय काय खाल्लं होतं तेही आठवून सांगा.