दारू आणि गर्दच्या उपचारांसाठी दाखल होताना: ठाणे-नवी मुंबईत माणसं परत का पाठवली जातात

व्यसनाच्या उपचारांसाठी निघताना घरचे लोक आधार, रेशनकार्ड आणि दोन फोटो घेतात आणि तयारी झाली असं समजतात. पण ओपीडीतून परत येणारे आधारकार्डामुळे क्वचितच परत येतात. ज्याला उपचार हवेत तो माणूसच सोबत नसतो, शेवटचं पिणं किंवा ओढणं किती वाजता झालं हे कोणाला सांगता येत नाही, किंवा ‘तुम्हीच त्याला ठेवून घ्या’ असं म्हणताना त्यासाठी कायद्याने लागणारं काहीच हातात नसतं, अशी कारणं जास्त असतात. हे माहिती लेखन त्याच अडचणींपुरतं आहे.

कुठे जायचं

ठाण्यात 1901 साली सुरू झालेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, आणि नेरूळ व कामोठे इथे खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मानसोपचाराची ओपीडी आणि व्यसनमुक्तीसाठी दाखल करण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस पेपर काढताना आधी तेवढंच विचारा, म्हणजे अर्धा दिवस वाचेल. घरून फोन करायचा असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे आणि मानसिक आरोग्याच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. दोन्ही मोफत आहेत.

खर्चाची भीती अनेकांना दारातूनच मागे नेते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम 18 त्याच्याही पुढे जातं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकार चालवतं किंवा ज्याला पैसा देतं अशा केंद्रात मोफत उपचारांचा हक्क आहे, आणि त्यासाठी पिवळं कार्ड हातात असलंच पाहिजे अशी अट नाही. बेघर माणसालाही हाच हक्क आहे. गावचा पत्ता असलेलं आधार ‘इथे चालत नाही’ असं कोणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, हे कलम सांगून वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

माणूस सोबत नसताना

बायको किंवा आई एकटी येते, मुलाचा फोटो दाखवते आणि म्हणते, “गाडी पाठवा, उचलून आणा.” इथे उत्तर नाही असंच मिळतं, आणि ते बरोबर आहे. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. त्यामुळे दाखल करण्याचे नियमही त्याच कायद्याचे आहेत. प्रौढ माणूस स्वतः तयार असेल तर कलम 86 खाली स्वतःच्या सहीने दाखल होतो. हा सर्वात सोपा रस्ता आहे. नातेवाइकाची सही लागत नाही, आणि त्याला निघायचं असेल तर निघताही येतं. फक्त डॉक्टरांना गंभीर शंका असेल तर ते तपासणीसाठी 24 तास थांबवू शकतात.

तो तयार नसेल तर कलम 89 आहे, पण त्याची पायरी उंच आहे. ‘रोज पितो, ऐकत नाही, घरातले पैसे उडवतो’ एवढ्यावर ते लागू होत नाही. आजार गंभीर असावा लागतो आणि नुकतंच त्याने स्वतःला इजा केलेली किंवा तशी धमकी दिलेली, इतरांवर हिंसक झालेला, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसलेला असावा लागतो. दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. ही तपासणी दाखल होण्याच्या दिवशीची किंवा त्याआधीच्या 7 दिवसांतली हवी. तारीख इथेच चुकते. जवळच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेतात, मग जागा मिळायची वाट पाहतात, आणि तीन आठवड्यांनी तोच कागद पुढे करतात. तो कागद तेव्हा निरुपयोगी झालेला असतो.

दुसरी चूक 30 दिवसांची. लोक याला कोर्स समजतात. 30 दिवस ही कलम 89 खाली ठेवण्याची कमाल मर्यादा आहे. आठवड्यात प्रकृती सुधारली तर त्याला सोडावंच लागतं. केंद्राने महिला किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत, इतरांबाबत 7 दिवसांत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं असतं. ते कळवलं का, हे घरच्यांनी जरूर विचारावं.

जीवाला तत्काळ धोका असेल तर कलम 94 आहे. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत आपत्कालीन उपचार करू शकतो, त्यात नेण्याची सोयही येते. आधी कागद जमवायचे म्हणून कोणी फिट येणाऱ्या माणसाला घरी ठेवू नये.

आता असा कागद, जो जवळजवळ कोणाकडेच नसतो: नामनिर्देशित प्रतिनिधीची चिठ्ठी. रुग्ण स्वतः शुद्धीत असताना ‘माझ्या उपचारांबाबत माझ्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल’ असं साध्या कागदावर लिहून सही करतो किंवा अंगठा उठवतो. प्रतिनिधी प्रौढ असावा. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. कोर्टाबाहेर यासाठी पाचशे रुपये घेऊन अफिडेव्हिट करून देणारे भेटतात, त्यांना पैसे देऊ नका. चिठ्ठी नसेल तर कायदा नातेवाइकालाच प्रतिनिधी मानतो. पण घरात दोन भाऊ आणि बायको यांचं एकमेकांशी पटत नसेल तर तीच चिठ्ठी वॉर्डाच्या दारातलं भांडण टाळते.

खासगी केंद्र पाहत असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर निघा. साखळी घालणं, जबरदस्तीने टक्कल करणं या दोन्ही गोष्टींना कायद्यात मनाई आहे. रात्री चार माणसं पाठवून उचलणाऱ्या केंद्राला पैसे देणाऱ्या घरांना नंतर फार मनस्ताप होतो, आणि रुग्णाचा उपचारांवरचा विश्वास कायमचा जातो.

शेवटचा घोट, शेवटचा कश: तास लिहून आणा

‘आधी सोडून या, मग औषध देऊ’ हा सल्ला कानावर येतो, आणि तो दारूच्या माणसाला घातक ठरू शकतो. रोज सकाळपासून पिणाऱ्याने अचानक थांबवलं की काही तासांतच हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात भ्रम, ताप, नसलेली माणसं दिसणं असं होऊ शकतं. हे उपचारांशिवाय जीवघेणं आहे. रुग्णालयात त्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम देतात आणि हळूहळू कमी करतात. सोबत थायमिन, तेही ग्लुकोजच्या आधी. म्हणून दारूच्या माणसाने घरी आठवडाभर ‘कोरडं’ राहून दाखवायचं नाही. थेट यायचं.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, किंवा अफूजन्य गोळ्यांचं उलटं आहे. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दच्या बदली देतात ती गोळी, सुरू करायची तर शरीरात टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, सुरू झालेली असावी लागते: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हातपाय ओढणं. गर्द ओढल्यावर किमान 12 तास जावे लागतात, जास्त वेळ टिकणाऱ्या औषधांना त्याहून अधिक. लवकर गोळी दिली तर टर्की एकदम भडकते, आणि माणूस ‘या औषधाने मला मारलं’ म्हणून पुन्हा फिरकत नाही. खोटी वेळ सांगणाऱ्याचं नुकसान त्याच दिवशी होतं.

म्हणून एका वहीच्या पानावर लिहून आणा: काय, किती, दिवसातून किती वेळा, शेवटचं केव्हा, आधी कधी फिट आली का, झोपेच्या किंवा ‘बटण’ म्हणतात त्या गोळ्या, ट्रामाडोल, कोडीनचं कफ सिरप, मधुमेह-रक्तदाबाची औषधं. एमडी (मेफेड्रोन) घेत असेल तर तेही स्पष्ट सांगा. एमडीला ब्युप्रेनॉर्फिनसारखी बदली गोळी नाही, तिथे मुख्य उपचार समुपदेशनाचे असतात. जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर हे पान अर्धं भरलेलंच असतं.

ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, ती व्यसनमुक्तीची सोय असलेल्या केंद्रातून किंवा रुग्णालयातूनच मिळते. चिठ्ठी घेऊन वाशीतल्या चार दुकानांत फिरण्यात वेळ जातो. सुईने टोचून घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ओएसटी केंद्रं, म्हणजे अशी बदली गोळी देणारी केंद्रं, आहेत. तिथे रोज जाऊन कर्मचाऱ्यासमोर गोळी जिभेखाली विरघळवायची असते. गिळली तर उपयोग नाही. गणपतीला कोकणात जायचं असेल तर तिकीट काढायच्या आधी केंद्राला सांगा, त्यांना सोय लावायला वेळ लागतो.

सोडल्यानंतरच्या गोळ्या

नालट्रेक्सोन 50 मिलिग्रॅम दारूसाठी आणि अफूजन्य पदार्थांसाठी, दोन्हीकडे वापरतात. गर्दवाल्याने आधी साधारण 7 ते 10 दिवस पूर्ण स्वच्छ असावं लागतं, आणि कोडीनचं सिरपही त्यात मोजलं जातं. यकृताची तपासणी आधी करून ठेवा. दारूसाठीची अकॅम्प्रोसेट 333 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते, बहुतेकांना एका वेळी दोन. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. हे दोन्ही रिपोर्ट नसल्यामुळे पहिली भेट अनेकदा वाया जाते.

दारूसाठीच्याच डायसल्फिराम या गोळीबद्दल जरा थांबून सांगणं गरजेचं आहे. शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्याशिवाय ते देत नाहीत, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू घेतल्यास तोंड लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली जाणं असं होऊ शकतं. हृदयविकार असणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून रुग्णाला माहीत असणं आणि त्याची संमती या अटी टाळता येत नाहीत. आमटीत मिसळून द्यायला म्हणून गोळी मागणाऱ्या मायबहिणींचं दुःख खरं आहे, पण मिळणार नाही आणि मिळूही नये. ‘कळू न देता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पावडरींचंही तेच.

गोळी म्हणजे उपचारांचा अर्धा भाग. समुपदेशकाशी ठरलेल्या भेटी, तलफ कधी येते याची नोंद, पगाराच्या दिवशी आणि पूर्वीच्या बारच्या रस्त्याने काय करायचं याची तयारी, घरच्यांसोबतची सत्रं, हा दुसरा भाग. फाइलमध्ये त्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. चुकल्या तर औषध लिहून देण्याआधी विचारणा होते, आणि ते रास्त आहे. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना फी नाही, नोंदणी नाही, कागद नाही.

गर्दमधून बाहेर आल्यावर एक धोका घरच्यांना माहीत असावा. काही आठवडे स्वच्छ राहिलेल्या शरीराची सवय गेलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास बंद पडू शकतो. डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे पुन्हा तपासणीची तारीख चुकवू नका.

विमा, पोलीस, तक्रार

आरोग्य विम्यात ‘एक्सक्लूजन 12’ शोधा. दारू, अमली पदार्थ आणि त्यांच्या परिणामांवरचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये याच ओळीत वगळलेला असतो. कॅशलेस गृहीत धरून खासगी खोली घेऊ नका.

सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झाला असेल तर अमली पदार्थांबाबतच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 64ए खाली स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट अशी की उपचारांचं केंद्र सरकारी, महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेचं किंवा त्यांनी मान्यता दिलेलं हवं. म्हणून खासगी केंद्रात जाण्याआधी मान्यतेचं पत्र मागा. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं, म्हणून प्रत्येक भेटीची नोंद केस पेपरवर शिक्क्यासह घ्या. वकिलाला कोर्टात तेच लागेल.

रुग्णाची माहिती नोकरीच्या ठिकाणी कळवण्याची सक्ती नाही. ती गोपनीय आहे, आणि स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. दाखल करण्याबाबत किंवा वागणुकीबाबत तक्रार असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. फी नाही. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ घेऊ शकतं. अर्जात रुग्णाचं नाव, केंद्राचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि नेमकी हरकत एवढं असलं तरी चालतं.