व्हर्जिनियाची शालेय स्टेट क्विझ बोल: सहा चॅम्पियनांच्या घोळाची पार्श्वभूमी

क्विझ बोल म्हणजे दोन टीमची प्रश्नमंजुषा, ज्याने आधी बझर दाबला त्याने उत्तर द्यायचं. अमेरिकेत या खेळाचं मूळ कॉलेजवाल्यांच्या रेडिओ शोमध्ये आहे, 1953 साली रेडिओवर आणि 1959 ला टीव्हीवर. 1961 पासून वॉशिंग्टनच्या चॅनलवर शाळांसाठी वेगळा शो सुरू झाला आणि नदीपलीकडच्या उत्तर व्हर्जिनियातल्या शाळा त्यात जायला लागल्या. ते सगळं टीव्हीसाठी होतं. राज्याची अधिकृत स्पर्धा बऱ्याच नंतर आली, आणि ती आली कुठून तर शाळांचे मैदानी सामने भरवणाऱ्या संघटनेकडून. पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

कारण त्या संघटनेत सगळं ठरतं पटसंख्येवर. आधी तीन गट होते, ए, डबल ए, ट्रिपल ए, म्हणजे राज्यात तीन क्विझ चॅम्पियन. तेवढं लोकांनी चालवून घेतलं होतं. मग 2013-14 ला फेररचना करून सहा वर्ग केले. फुटबॉलमध्ये सहा विभाग आधीपासूनच होते, बाकीच्यांना त्याच साच्यात बसवलं, आणि बझरवाली पोरंही त्यात गेली. आता फुटबॉलमध्ये पटसंख्येला अर्थ आहे, अडीच हजारांच्या शाळेत धिप्पाड पोरं जास्त मिळणारच. पण क्विझला टीममध्ये चार जण बसतात, आणि चार वाचणारी पोरं छोट्या शाळेतही निघतात, त्यातून अनेक तालुक्यांतून निवडून पोरं घेणारी खास शाळा असेल तर विचारूच नका, पट लहान आणि टीम भारी! पटसंख्येची मोजपट्टी फक्त डोकी मोजते.

सहा वर्गांच्या बाजूने बोलणारेही आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. नैऋत्येकडच्या डोंगराळ भागातल्या शाळेला विल्यम्सबर्गपर्यंत बसने येऊन फायनल खेळायला मिळते, उत्तर व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या अवाढव्य शाळांशी सरळ गाठ पडली असती तर ती बस निघालीच नसती. मान्य. पण सहा विजेत्यांची आपसात एक मॅच तरी ठेवायची ना, ती नाही. त्यामुळे ‘स्टेट चॅम्पियन’ कोण म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठल्या वर्गाचा? फेअरफॅक्स-लाउडनमध्ये मराठी घरं भरपूर, तिथल्या आईबापांनी इथल्या नातेवाइकांना फोनवर हे समजावून दाखवावं.

दरम्यान प्रश्न मात्र खूप सुधारले. पूर्वी सरळ विचारायचे, 1823 चं परराष्ट्र धोरण कुणाच्या नावाने ओळखतात, की बझरवर ज्याचं बोट पटकन पडेल तो जिंकला. आता पिरॅमिड पद्धत आहे, म्हणजे अवघड खुणा आधी आणि सोप्या शेवटी: सुरुवात 1776 च्या ट्रेन्टनच्या लढाईत जखमी झालेल्या अधिकाऱ्यापासून, मग 1803 च्या लुइझियाना खरेदीच्या वाटाघाटी, आणि 1823 अगदी शेवटी. ज्याने खरंच वाचलंय तो ट्रेन्टनलाच बझर दाबतो आणि राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो म्हणून मोकळा होतो.

फॉरमॅट तेवढा जुनाच राहिला. आधी 15 टॉसअप, म्हणजे दोन्ही टीमना खुले बझरचे प्रश्न, मधे दोन्ही टीमना 10-10 डायरेक्टेड, म्हणजे त्या एकाच टीमला विचारलेले प्रश्न, परत 15 टॉसअप. देशपातळीवर टॉसअप आणि त्यावर बोनस, म्हणजे टॉसअप जिंकणाऱ्या टीमलाच जादा प्रश्न, अशी पद्धत आहे, म्हणून तिकडे जाणाऱ्या टीम वर्षभर शनिवारच्या टूर्नामेंटमध्ये बोनसची प्रॅक्टिस करतात आणि स्टेट जवळ आली की डायरेक्टेडची सवय करून घेतात.