गिअरबॉक्स उघडण्याआधी तेलाची साक्ष काढा

वर्धा रोडवर ताशी ६० चा वेग धरला की काकाजींची गाडी थरथरायची. वेग कमी करायला रस्त्यावर आडवे जाड पांढरे पट्टे मारलेले असतात ना, त्यांच्यावरून चाकं जावीत तशी. दोन सेकंद थरथर, मग शांत, पाय हलका केला की पुन्हा सुरू. ॲक्सिलरेटर दाबला की मात्र काहीच नाही. १ लाख ७४ हजार किलोमीटर झालेली ऑटोमॅटिक सेडान. एका गॅरेजमधल्या मिस्त्रीने एक चक्कर मारून निकाल दिला, "काकाजी, गिअरबॉक्स गेला जी. नवीनच टाकावा लागते." खर्चाचा आकडा ऐकून काकाजी गाडी भंगारात द्यायलाच निघाले होते.

त्या गाडीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल काहीही ठरवण्याआधी त्याच्या तेलाची साक्ष काढायला हवी, कारण त्या डब्यात तेल हे नुसतं वंगण नसतं. जोर इंजिनाकडून चाकांकडे तेच नेतं.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की जोर एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मध्ये धातूला धातू लागत नाही. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी या युक्तीचं पेटंट घेतलं. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून ती मोठ्या प्रमाणावर मोटारींत आली. पुढे मोटारींतही दोन पंख्यांच्या मध्ये तिसरं पात्यांचं चाक आलं. परतणाऱ्या तेलाला ते योग्य दिशेला वळवतं, त्यामुळे गाडी जागेवरून निघताना जोर जवळपास दुप्पट मिळतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. त्याच्या मागे गिअर असतात, मध्ये 'सूर्य' आणि भोवती फिरणारे 'ग्रह'. कोणतं चाक धरायचं आणि कोणतं सोडायचं हे तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच ठरवतात.

तेलातून जोर देताना दुसरा पंखा नेहमी थोडा मागे राहतो, आणि तेवढं इंधन वाया जातं. म्हणून ठरावीक वेगानंतर लॉक-अप क्लच दोन्ही पंख्यांना घट्ट जोडतो. थरथरीचा संशय बहुतेक वेळा याच क्लचवर जातो. घर्षण किती असावं हे ठरवणारी रसायनं तेलात मिसळलेली असतात. ती संपली की क्लच धर-सोड करू लागतो. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की तो टकटक उड्या मारतो, अगदी तसा.

रसायनं संपवते ती उष्णता, आणि नागपूरला तिची कमतरता नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबा, निघा, थांबा असं चाललं की कन्व्हर्टरमध्ये वाया गेलेली सगळी ऊर्जा तेलातच उतरते. ते तेल थंड करायचं काम रेडिएटरकडे. रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांवर आणि डिसेंबरची पहाटेची हवा १५ अंशांवर असेल तर फरक ७५ अंशांचा. मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी तो ४५ वर येतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकद साधारण ६० टक्केच उरते. शिवाय अभियंत्यांचा एक ढोबळ आडाखा आहे: तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेल ऑक्सिडाइज होण्याचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने खराब होण्याचा, वेग दुप्पट होतो. 'आयुष्यभर बदलावं लागणार नाही' असं म्हणून तेल विकलं जातं, पण विदर्भात हे वाक्य मी मानत नाही.

साक्ष काढायची कशी? बहुतेक गाड्यांत इंजिन गरम करून, सपाट जागी, ते चालू ठेवूनच तेल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढतात. काही कंपन्या बंद करायला सांगतात, म्हणून आधी मॅन्युअल पाहा. पट्टीच नसेल तर गॅरेजमध्ये खालचा बोल्ट उघडावा लागतो. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर, स्वच्छ पसरला तर उत्तम. तपकिरी पण वास साधा, तर तेल म्हातारं झालं आहे. काळा थेंब आणि करपलेला वास म्हणजे क्लचचं अस्तर जळालं आहे, आणि त्याला तेल बदलून उपाय नाही. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा, कारण रेडिएटरचं पाणी तेलात शिरलं आहे आणि ते अस्तराचा डिंक सोडवतं. गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं उघडलंच तर त्यातला चुंबकही पाहा. त्यावर राखाडी लेप असणं नेहमीचंच. चकाकणारे कण किंवा किसासारखे तुकडे दिसले तर काळजी करा.

लक्षणंही नीट वाचता येतात. डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करत असेल तर आधी तेलाची पातळी आणि दाब तपासा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. डी टाकताना धप्प आवाज येत असेल तर कधी कधी नुसता इंजिनाचा रबरी माउंट तुटलेला असतो. थरथरीसाठी एक सोपी चाचणी आहे. रस्ता रिकामा हवा, मागे कुणी नको. वेग स्थिर ठेवून ब्रेक इतका हलका टेकवा की फक्त मागचा दिवा लागेल. अनेक गाड्यांत तेवढ्याने लॉक-अप सुटतो. थरथर क्षणात थांबली तर दोष त्याच क्लचकडे बोट दाखवतो. थांबली नाही, तर आधी इंजिनाचे स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच, पण त्याचा शब्द अंतिम मानू नका. पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, इतकंच. पी ०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. तो क्लचमुळे, सोलेनॉइडमुळे (तेलाची वाट उघड-बंद करणारी विजेची झडप) की तेलामुळे, हे कोड सांगत नाही. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. गाडीतला सेन्सरही असाच चुकू शकतो. (एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचेच गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाड्यांत कन्व्हर्टर नसतो, साधाच क्लच असतो, त्यामुळे यातलं बरंचसं त्यांना लागू नाही.)

काकाजींच्या गाडीत ब्रेक टेकवताच थरथर थांबली. तेल तपकिरी होतं, करपलेला वास नव्हता. "जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जाते," ही भीती त्यांनाही होतीच. ती अशी पसरते की लोक क्लच घसरायला लागल्यावरच तेल बदलतात, मग झिजलेलं अस्तर जातं आणि दोष नव्या तेलावर येतो. आमचा क्लच घसरत नव्हता. जुनं तेल दाबाने ढकलून काढणारं मशीन लावू दिलं नाही, फक्त निथळून भरायला सांगितलं. एका वेळी साधारण ४० टक्केच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून महिनाभरात तीनदा केलं: जुनं तेल १०० वरून ६०, मग ३६, मग २२ टक्क्यांच्या आसपास.

निथळलेलं तेल गॅरेजला परत देण्याआधी काकाजींनी प्रत्येक वेळचं थोडं काचेच्या बरणीत काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. पहिलं कोऱ्या चहासारखं, तिसऱ्यातून ऊन पडलं की लाल उजेड यायचा. पहिल्या बदलानंतर सकाळची थरथर गेली, तिसऱ्यानंतर दुपारचीही. मे महिन्यात, बुटीबोरीहून परतताना, कधी एखादी बारीक लहर जाणवते. गाडी आता १ लाख ९० हजारांवर आहे आणि गिअरबॉक्स अजून उघडलेला नाही.